झिजलेल्या बोटांचा अहवाल

शमसुन्निसा आपांना मूर्ख माणसं सहन होत नसत, आणि आमच्या ऑफिसात ती भरपूर होती. मी त्यांतलाच एक. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांना नावं ठेवली तर कुणी मला शहाणा समजू नये.

महाडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी परमिटांचं काम बघतो. गाडीचा परवाना, फिटनेस, विमा, कुठल्या कागदाची मुदत कधी संपते हे लक्षात ठेवणं एवढंच माझं काम. माझ्या शेजारच्या टेबलावर आपा बसत. कुठली गाडी कुठे आहे, कुठली रिकामी झाली, एमआयडीसीतला कुठला माल आज कुठल्या घाटाने जाईल, हे सगळं त्या ठरवत. कंपनीचे मालक मुदस्सरशेठ. पण ड्रायव्हर लोकांना विचाराल तर कंपनी आपांची.

आपा नाते गावच्या. वडील ट्रक चालवायचे. लहानपणी सुट्टीत त्या वडिलांच्या शेजारी बसून वरंध घाटाने पुण्यापर्यंत जायच्या. दहावी झाल्या, एकोणिसाव्या वर्षी महाडात लग्न होऊन आल्या. नवरा कुवेतला क्रेन चालवायला गेला तो अठरा वर्षं वर्षातून एक महिना घरी यायचा. आता दुखरे गुडघे घेऊन कायमचा घरी बसलाय. सत्त्याण्णव साली मुदस्सरशेठच्या वडिलांनी आपांना फोन उचलायला ठेवलं. ड्रायव्हरांना न घाबरणारं माणूस त्यांना हवं होतं. वर्षभरात ड्रायव्हरच आपांना घाबरायला लागले.

एकदा एका ड्रायव्हरने फोन केला, "आपा, कशेडी घाटात अडकलोय, दोन तास गाडी हलली नाय."

आपा म्हणाल्या, "कशेडीत? मग तुझ्या मागे दापोली गाडीची घोषणा कोण करतंय? पोलादपूर स्टँडसमोरचा चहा संपव आणि निघ."

मोबाईलवर नकाशे यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

दोन हजार एकवीसच्या पुरात आमचं ऑफिस माळ्यापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर चोवीस वर्षांच्या रजिस्टरांचा एकच गोळा झालेला. फावड्याने काढावा लागला. मुदस्सरशेठ डोळे पुसत म्हणाले, "नवीन वह्या आणू."

आपांच्या हातात फावडं होतं, पायजम्यावर गुडघ्यापर्यंत चिखल. त्या म्हणाल्या, "कशाला? पुढच्या पुराला पुन्हा चिखल करायला? कॉम्प्युटर आणा."

म्हणजे ऑफिसात कॉम्प्युटर आणणारी बाई तीच, त्रेपन्नाव्या वर्षी. पुढे हिलाच मशीन वापरता येत नाही असं लेखी दिलं गेलं, म्हणून हे सांगून ठेवतो.

सात लॅपटॉप आले. कीबोर्डच्या कोपऱ्यात नखाएवढा चौकोन होता. त्यावर बोट ठेवलं की लॅपटॉप उघडायचा. आम्ही बाकीच्यांनी तो चौकोन कधी वापरला नाही. आम्ही पासवर्ड ठेवले आणि ते कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवले. आपांना याचा भयंकर तिटकारा. "घराला कुलूप लावून चावी दाराला टांगणारी माणसं तुम्ही," म्हणायच्या. त्यांनी बोट नोंदवलं आणि लगेच पोलादपूरच्या यार्डातल्या हैबतीचंही नोंदवून घेतलं.

हैबती वर डोंगरातल्या कुडपणचा. घरी म्हशी, थोडी नाचणी, थोडं भात. आठवडाभर यार्डात राहायचा आणि गाड्या आल्या-गेल्याची नोंद ठेवायचा. माणूस सरळ, अक्षर सुंदर, पण इंग्रजी पासवर्ड टाईप करताना त्याला घाम फुटायचा. बोटाने ती अडचण संपली. सकाळी हात धुवून, टॉवेलला पुसून, देवाला लावावं तसं तो बोट लावायचा. तीन वर्षं ते बोट एकदाही नापास झालं नाही. तीन वर्षं, हे लक्षात असू द्या, कारण पुढे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात ते राहिलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत शेठचा पुतण्या उझैर मुंबईहून कंपनीत आला. कुठल्याशा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाची पदवी घेतलेली. पहिल्याच आठवड्यात त्याने आम्हाला सांगितलं की आपली कंपनी अजून 'माणसांवर' चालते आणि ती 'सिस्टिम'वर चालायला हवी. त्याने पुण्याच्या एका कंपनीकडून नेटवर्क लॉगिनचं सॉफ्टवेअर आणलं. आता प्रत्येकाने लॅपटॉप उघडताना आधी पुण्याच्या सर्व्हरला आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा, सर्व्हर हो म्हणाला की मगच आत जायचं. दर पंचेचाळीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा. तो कसा हवा? एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक असलं चिन्ह, जे टाईप करताना निम्म्या ऑफिसची जीभ बाहेर येते.

सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून एक इंजिनियर आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला त्याचा फोटो. जणू हरवला तर परत आणून द्यायला. तो दिवसभर काम करून गेला आणि दुसऱ्या दिवशी आपांनी लॅपटॉप उघडला तर बोटाचं चित्रच स्क्रीनवर नव्हतं. फक्त नाव आणि पासवर्डच्या दोन चौकटी.

आपांनी इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, नवीन सिस्टिममध्ये ते नसतं."

"नसतं की तू काढलंस?"

"मॅडम, आमचं लॉगिन आलं की जुनं लपतं."

"म्हणजे लपलंय. लपलेलं शोधता येतं. शोध."

दोन आठवडे दररोज फोन करून त्यांनी ते शोधायला लावलं. अखेर पुण्याहूनच त्याने काहीतरी बदललं आणि बोटाचं चित्र परत आलं. त्यावेळी बोट पुन्हा नोंदवावं लागलं, आणि नोंदवताना एकदा नेटवर्कचा पासवर्डही टाकावा लागला. मग सगळं सुरळीत झालं. पोलादपूरला हैबतीचंही झालं.

एप्रिलमध्ये एका सकाळी आपांनी बोट ठेवलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, लॉगिन झालं नाही. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. तेवढ्यात फोन वाजला. हैबतीचा.

"आपा, माजा बोट घेत नाय वो. हात तीनदा धुतला. मशीनला काय झाला काय?"

"माझंही घेत नाय. थांब."

इंजिनियरने दोघांनाही सांगितलं की बोट काढून पुन्हा नोंदवा. दोघांनी नोंदवलं. नोंदवताना पासवर्ड विचारला, तोही टाकला. लगेच चालू झालं. इंजिनियर म्हणाला, "बघा मॅडम, बोट नीट बसलं नव्हतं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात तेच. पुन्हा नोंदणी, पुन्हा चालू. जुलै संपता संपता पुन्हा तेच. त्या दिवशी एमआयडीसीतून तीन टँकर निघायचे होते, आणि आपांच्या लॅपटॉपवर सगळ्या गाड्यांची यादी अडकून पडलेली. पासवर्ड टाकून जाता आलं असतं, पण चिडून दोनदा चुकीचा टाकला आणि सिस्टिमने त्यांना अर्धा तास बाहेर उभं केलं. उझैर त्यांच्या डोक्याशी येऊन घड्याळ बघत राहिला. मदत म्हणून त्याला तेवढंच येत होतं.

मग इंजिनियर स्वतः आला. आपांचा हात त्याने उलटा करून उजेडात धरला, भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघतात तसा, आणि म्हणाला, "मॅडम, वय झालं की रेषा पुसट होतात. त्यात भांडी घासून, कपडे धुवून बोटं झिजतात. गावाकडे हा प्रॉब्लेम कॉमन आहे. आणि तो पोलादपूरचा माणूस म्हशी धुतो ना? त्याचं तर विचारूच नका."

आपांनी हात काढून घेतला. आपा गप्प बसल्या की काय होतं हे आम्हाला ठाऊक होतं, त्या बिचाऱ्याला नव्हतं.

आठवड्याने त्याचा अहवाल आला. इंग्रजीत, दोन पानी, वर रंगीत पट्टी. सार असं: सिस्टिम निर्दोष आहे. दोन वापरकर्त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्याने लॉगिन वारंवार अयशस्वी होते. या दोन जागांवर 'योग्य' वापरकर्ते नेमावेत. खाली तीन सह्यांची जागा: इंजिनियरची, उझैरची आणि कार्यालयाच्या प्रतिनिधीची.

तो प्रतिनिधी मी. उझैरने कागद पुढे केला, "विनोदभाऊ, फॉर्मॅलिटी आहे," म्हणाला, आणि मी सही केली. वाचून केली, हे जास्त वाईट. हैबतीचं बोट तीन वर्षं चाललं होतं हे मला माहीत होतं, कारण मीच त्याला पहिल्या दिवशी ते ठेवायला दाखवलं होतं. पण इंग्रजीत लिहिलेलं, रंगीत पट्टीचं, पुण्याहून आलेलं. आमच्यासारख्यांच्या पाठीला कणा असतो तो असा पट्टीएवढाच जाड.

त्या अहवालावर हैबतीचा लॅपटॉप काढून घेतला. त्याला पुन्हा वही दिली आणि गाड्यांची नोंद यार्डाच्या सिक्युरिटीवाल्याकडे गेली. हैबतीने काही तक्रार केली नाही. "माजीच बोटां खराब, त्याला कोन काय करनार," एवढंच म्हणाला. आणि आपांना उझैर म्हणाला, "आपा, तुम्ही आता फाइलिंग बघा. आराम होईल तुम्हाला. डिस्पॅचला आपण तरुण माणूस घेऊ."

आपांनी त्याला नाकापासून बुटापर्यंत पाहिलं. "उझैर, तू दीड वर्षाचा होतास तेव्हा या टेबलावर बसून मालाच्या बिल्टीचा कागद खाल्ला होतास. तेव्हापासून कागदाचं तुला तेवढंच कळतं. पंधरा दिवस दे मला. मग कुठे बसवायचं तिथे बसव."

मुदस्सरशेठ आतून ऐकत होते. त्यांनी पंधरा दिवस दिले. शेठ भले माणूस, पण त्यांचा भलेपणा नेहमी मुदतीत यायचा.

आपा माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. सही त्यांनी पाहिली होती. टेबलाला टेबल लागून, पण डबा उघडताना त्यांनी पाठ फिरवली. तोपर्यंत रोज त्यांच्या डब्यातलं एखादं सांदण, एखादा कबाब माझ्याकडे यायचा. तो बंद झाला तेव्हा मला माझ्या सहीचं वजन कळलं. त्याआधी नाही, यावरून माणूस ओळखा.

आठव्या दिवशी त्यांनी अचानक माझं टेबल ठोठावलं.

"विनोद, इकडे ये. माफी मागायला नाही, बघायला ये."

मी गेलो. त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला.

"आता डाव्या हाताची करंगळी ठेवते. ही नोंदवलेली नाही. दिवा बघ."

करंगळी ठेवली. चौकोनाशेजारचा बारीक दिवा लाल झाला आणि स्क्रीनवर बोट ओळखलं नाही असं आलं.

"आता माझी तर्जनी. जिच्या रेषा भांडी घासून पुसल्या, ती."

तर्जनी ठेवली. दिवा हिरवा झाला. क्षणभर थांबून स्क्रीनवर आलं, लॉगिन झालं नाही.

"काय बघितलंस?"

"दिवा हिरवा झाला," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि... मजकूर वेगळा आहे. करंगळीला बोट ओळखलं नाही म्हणतो. तर्जनीला तसं म्हणत नाही."

"चार महिने तो दिवा हिरवा होतोय. चार महिने तो गळ्यात फोटो घातलेला मला सांगतोय की बोट ओळखलं जात नाही. त्याने एकदाही दिव्याकडे बघितलं नाही. तू, मी, कुणीच नाही." मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे टाकलं. "आता हे बघ. ज्या ज्या दिवशी बोट बंद पडलं तिथे मी फुली मारलीय. आणि जिथे पासवर्ड बदलायला लावला तिथे गोल."

प्रत्येक फुली गोलाच्या दुसऱ्या दिवशी होती. तीनही वेळा. परमिटवाल्याला यापुढे सांगावं लागलं नाही, कारण मुदत हाच माझा धंदा.

"म्हणजे बोट ओळखलं की ते सॉफ्टवेअर आपल्याजवळ जपून ठेवलेला पासवर्ड काढून पुढे सर्व्हरकडे देतं," मी हळूहळू म्हणालो, "आणि तो पासवर्ड..."

"मुदत संपलेला. ड्रायव्हर खरा, चेहरा खरा, पहिल्या नाक्यावर सलाम करून सोडला. दुसऱ्या नाक्यावर जुना परवाना दाखवला. नाक्यावरचा म्हणाला, चल मागे. आणि आपल्या साहेबाने अहवाल लिहिला की ड्रायव्हरचा चेहरा झिजलाय." त्या थांबल्या. "पुन्हा बोट नोंदवलं की चालू का व्हायचं? कारण नोंदवताना नवा पासवर्ड विचारतात. बोटाचा त्यात काही संबंधच नाही."

मी म्हणालो, "आपा, मी ती सही..."

"गप्प बस. तुझ्यासारखे सह्या करणारे नसते तर असले अहवाल लिहिणारे उपाशी मेले असते. आता एक काम कर. त्याला बोलावून घे. सांग, वर्षाच्या करारावर बोलायचंय. धावत येईल."

तो धावत आला. चौदाव्या दिवशी, सकाळी अकराला, ताम्हिणीतून गाडी हाकत. शेठच्या केबिनमध्ये शेठ, उझैर, इंजिनियर, मी, आणि आपा आपला लॅपटॉप घेऊन. इंजिनियरने नवीन रंगीत कागद काढले. आपा म्हणाल्या, "ते नंतर. आधी तुमची तर्जनी द्या."

"माझी?"

"माझ्या लॅपटॉपवर माझ्याच नावाखाली तुमचं बोट नोंदवा. तुमच्या रेषा ताज्या आहेत ना? म्हशी धूत नाही, भांडी घासत नाही."

तो हसला. उझैरही हसला. शेठ म्हणाले, "कर ना, काय जातंय." त्याने बोट नोंदवलं, आपांनी पासवर्ड टाकला. मग लॅपटॉप बंद करून त्याने बोट ठेवलं. हिरवा दिवा, लगेच आत. "बघा," तो म्हणाला, "सिस्टिम परफेक्ट आहे."

"आहे ना? आता तुमच्या मशीनवरून, पुण्याच्या सर्व्हरवर, माझा पासवर्ड बदला. पंचेचाळीस दिवसांनी बदलतो तसाच. फक्त आज आत्ता."

त्याचं हसू किंचित कमी झालं. "त्याची काय गरज, मॅडम?"

"मुदस्सर," आपा शेठकडे न बघता म्हणाल्या, "याला विचार, हा का घाबरतोय."

त्याने पासवर्ड बदलला. आपांनी लॅपटॉप बंद केला, चालू केला आणि त्याच्यापुढे सरकवला. "ठेवा."

त्याने बोट ठेवलं. दिवा हिरवा. मग लाल अक्षरं: लॉगिन झालं नाही.

बोट पुसून त्याने पुन्हा ठेवलं. हिरवा दिवा, लाल अक्षरं. तिसऱ्यांदा जरा जोरात दाबलं.

आपांनी त्याचा हात उचलला, उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला आणि बारकाईने बघितला. "अरेरे. मघाशी तर चांगलं होतं. दहा मिनिटांत एवढं झिजलं? किती भांडी घासलीत साहेब?"

शेठना हसू आवरेना, ते खोकल्यात लपवायला गेले आणि खरंच ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. उझैर टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. इंजिनियरचे कान लाल झाले होते. बाहेर जाऊन त्याने पुण्याला वरिष्ठांना फोन लावला. तासभर व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. मला त्याच्या बोलण्यातलं एवढंच ऐकू आलं: "सर, माझं पण होत नाहीये."

वरिष्ठांनी जे सांगितलं ते त्यांच्याच माहितीपुस्तकात छापलेलं होतं, असं नंतर कळलं. सेटिंगमध्ये एक टिकची खूण करायची होती. ती केली की बोटाने आधी नुसता लॅपटॉप उघडतो आणि नेटवर्कचं लॉगिन त्यानंतर वेगळ्या खिडकीत होतं. पासवर्ड बदलला असेल तर तिथेच नवा विचारतो आणि बोटाच्या सॉफ्टवेअरलाही तो कळवतो. एक टिक. तिच्यासाठी चार महिने दोन माणसांच्या हातांना नावं ठेवली गेली. पुस्तक वाचायला लागतं म्हणून ते कुणी वाचलं नाही. बाईच्या हाताकडे बघायला काही लागत नाही.

आपा डिस्पॅचच्या टेबलावरच राहिल्या. उझैरने माफी मागितली नाही. त्याने शिरखुर्मा आणला, सण नसताना. आपांनी घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय. पण तू आणलास म्हणजे चांगलं."

मात्र हैबतीचं अजून बाकी होतं. उझैरने त्याला फोन करून लॅपटॉप परत घे म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, "नको वो. वही बरी हाय. माज्या बोटांचा काय भरवसा." कागदावर लिहिलेलं त्याने खरं मानलं होतं. घरी कुडपणलाही सांगून बसला होता, की आपली बोटं बाद झाली. त्याच्या म्हाताऱ्या आईने त्या बोटांना रोज रात्री खोबरेल चोळायला सुरुवात केली होती.

हे ऐकलं तेव्हा आपा पहिल्यांदा खऱ्या चिडल्या. इंजिनियरवर चिडल्या होत्या तशा नव्हे. त्यांनी पुण्याच्या कंपनीला कळवलं की अहवाल मागे घेतल्याचं पत्र पाहिजे, मराठीत, हैबतीच्या नावाने. पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: 'सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यामुळे वापरकर्त्याच्या बोटांची समस्या आता दूर झाली आहे.'

आपांनी लाल पेनाने 'बोटांची' खोडलं आणि परत पाठवलं. दुसरं पत्र आलं: 'काही गैरसमजामुळे.' तेही परत. खाली त्यांनी लिहिलं होतं, "गैरसमज कुणाचा? नाव घाला." करार अजून शेठच्या टेबलावर बिनसहीचा पडून होता, आणि आपांनी शेठचं पेन आपल्या पर्समध्ये ठेवलं होतं. तिसरं पत्र बरोबर आलं. श्री. हैबती यांच्या बोटांत कोणताही दोष नव्हता, चूक आमच्या इंजिनियरची होती, पूर्वीचा अहवाल रद्द समजावा. आपांनी खाली आणखी एका सहीची जागा आखली आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"वाचून कर," म्हणाल्या.

मी वाचून केली.

दुसऱ्या दिवशी आपा आणि मी आमच्याच एका गाडीने पोलादपूरला गेलो. हैबती यार्डाच्या शेडमध्ये वहीत आखणी करत होता. आपांना बघून उठला, खुर्ची पुसली. आपांनी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

"बोट लाव."

"आपा, नको गो."

"हैबती, मी नाते गावची हाय. सांगते तेवढं कर."

त्याने नळावर हात धुतले, टॉवेलला पुसले, दबकत बोट ठेवलं. उघडला. मग आपांनी पत्र दिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत.

"यात चूक हाय लिवलाय ती त्यांचीच ना?" त्याने विचारलं.

"त्यांचीच."

"आन ही खालची सही?"

"विनोदची," आपा म्हणाल्या. "चूक त्याची पण होती."

हैबतीने माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त मान हलवली, पत्राची चार घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि म्हणाला, "आयेला वाचाया येत नाय. पन तिला वाचून दाखवीन."

बाहेर महाबळेश्वरच्या बाजूने उतरलेली गाडी फाटकाशी थांबली होती. हैबती लॅपटॉपसमोर बसला आणि तिचा नंबर टाईप करायला लागला, दोन बोटांनी, सावकाश. फाटकावरचा सिक्युरिटीवाला आत येऊन म्हणाला, हे काम आता माझ्याकडे आहे. आपांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.